पाटकऱ्याची होखमा

वीस वर्षं पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून गावाच्या शेतांना पाणी वाटणाऱ्या उखर्डूला मोतीलाल पाटलाने भर पंचांत 'अडाणी' म्हणून हाकललं. का, तर सही येत नाही! पाटकऱ्याच्या जागी बसला पाटलाचा चार बुकं शिकलेला भाचा. उखर्डू धुळ्याला मिशनच्या बागेत माळी झाला. भाकरी मिळाली, पण प्रत्येक घासाला त्याला पाटलाचं तोंड आठवायचं आणि तो दातओठ खायचा.

मिशनचा साहेब तेव्हा ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथातली नीतिवचनं मराठीत आणत होता. एकदा बागेत बसून त्याने मुन्शीने लिहिलेलं 'ज्ञान' खोडलं. "मूळ हिब्रू शब्द 'होखमा'," तो म्हणाला. "नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हे. विणकराचं, सोनाराचं, नावाड्याचं कसब म्हणजेही होखमा. हा माळी बघा, पाणी कसं खेळवतो. त्यांच्या हिशेबाने हा शहाणा."

वाफ्यात वाकलेल्या उखर्डूने तो शब्द गाठीला बांधला. देवासाठी नाही, मोतीलालसाठी.

दिवाळीनंतर बंधारा गळू लागला. भाच्याने तीनदा बुजवला, तीनदा फुटला. ऊस वाळायला लागला तसे गावकरी, मागे मान खाली घातलेला मोतीलाल, असे सगळे धुळ्याला आले. तळातलं पाणी कुठून निसटतं हे एकट्या उखर्डूलाच ठाऊक होतं. पाटलाचाच ऊस तेवढा वाळवता आला असता, तर तो खुशाल गप्प बसला असता. पण फडातल्या, म्हणजे एका पाटाखालच्या, सगळ्या शेतांना पाणी एकदमच मिळायचं, आणि त्या फडात त्याच्या विधवा बहिणीचा, भिकुबाईचाही तुकडा होता.

"मी येसू," तो म्हणाला. "पन चिखलनी पाटी मोतीलालना डोकावर."

तीन दिवस मोतीलाल पाटील कमरेएवढ्या पाण्यात पाट्या वाहत होता. उखर्डू काठावरून ओरडायचा, "तठे नही, अडान्या!" सारं गाव बघायचं. उखर्डूला एवढं गोड कधीच काही लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोतीलाल पाटी ओतता ओतता थांबला. त्याने पायाने तळ चाचपला आणि कोणी न सांगता दोन हात उजवीकडे चिखल दाबला. अगदी नेमक्या जागी. गळती थांबली. त्याने वर पाहिलं, शाळेतल्या पोरासारखं.

साहेबाचा शब्द उखर्डूच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"दुसरी पाटी लई ये," तो म्हणाला.