पेरलेला ठोका

त्या प्रयोगशाळेत पदव्यांना कुणी विचारत नसे, कारण त्या सगळ्यांकडेच होत्या. सगळ्यात जुनी आणि सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकणारी ती ताई. तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथंच कामाला होता, त्याला लोक लिफ्टराव म्हणत. संगणकाला शिकवायला जी मुलगी नव्यानं आली होती ती मास्तरीण, आणि ती ज्याला शिकवायची तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम म्हणजे बंड्या. सुरुवातीला तो सांगितलेलं सोडून बाकी सगळं करायचा, म्हणून बंड्या.

काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. तळघरात माणसाहून उंच पिंप, आत असा गारठा की त्यापुढं बर्फही कोमट वाटावा. त्या गारठ्यात क्वांटम संगणकाला लागतात तसल्या नाजूक चिपा. इथं मात्र त्यांना आकडेमोड करायची नव्हती, नुसतं कान देऊन बसायचं होतं. या विश्वात म्हणे जे दिसतं त्याहून न दिसणारंच जास्त. त्यातला एखादा कण चुकूनमाकून चिपेला धक्का देऊन गेला, तर पडद्यावर एक ठोका उमटणार. त्या एका ठोक्यासाठी माणसांनी अर्धी हयात तळघरात घालवली होती.

धाकट्याला मागं असा ठोका सापडला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी भर परिषदेत घोषणा केली, टाळ्या पडल्या, आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं. मग कळलं, तो ठोका इमारतीच्या लिफ्टच्या मोटरचा. हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात. तेव्हापासून तो लिफ्टराव झाला, आणि लोक एवढे दुष्ट की तो जिन्यानं वर आला तरी विचारायचे, "काय, आज लिफ्ट बंद का?" तो हसायचा. ताईला ते हसणं बघवत नसे.

असल्या फजित्या टाळायला त्या लोकांत एक रीत होती, तिला ते पेरणी म्हणत. माणूस मोठा हावरा प्राणी, त्याला जे हवं तेच दिसतं आणि नको ते दिसत नाही. म्हणून मुख्य कचेरी कुणा एकाला गुपचूप नेमायची. त्यानं केव्हातरी एक खोटा ठोका यंत्रात सोडून द्यायचा. कुणी सोडला, कधी सोडला, सोडला की नाही, हे सरांनाही ठाऊक नसायचं. बाकीच्यांनी तो खरा समजून पकडायचा, तपासायचा आणि शेवटपर्यंत न्यायचा. पकडला तर आपले कान शाबूत आहेत, खरा आला तर तोही निसटणार नाही. मग उघडणीच्या दिवशी सगळे जमले की पेरणाऱ्यानं उभं राहून कबूल करायचं. कुणीच उभं राहिलं नाही, तर ठोका खरा! तोवर पेरणाऱ्यानं नवऱ्याला, बायकोला, देवालासुद्धा सांगायचं नाही. यंदा ताईला नेमलं होतं.

ताईनं ठोका पेरला आणि बंड्यानं तो अलगद टिपला. मास्तरीण चपला घालायचं विसरून धावत आली. "ताई, बंड्याला काहीतरी सापडलंय!" तिचा चेहरा बघून ताईला बरं वाटलं. पेरणी उत्तम झाली होती. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण त्या संध्याकाळी घरी धाकटा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आईला सांगत होता. "आई, या वेळी लिफ्ट नाही हं. मी स्वतः मोटर बंद करून पाहिली." आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पोरा, तुझ्या तोंडावरचं हसू परत आलं, मला बाकी काही नको." ताई भांडी विसळत होती. पुन्हा तोंडघशी पडला तर हा पोरगा उठायचा नाही, असं तिला वाटलं. आई झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "सोन्या, फार नाचू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. ताईला खोटं बोलताना नळ सोडायची सवय होती, आणि तिनं नळ सोडला. सख्ख्या भावाला आणखी काय सांगावं लागतं?

दुसऱ्या दिवशी बैठकीत धाकटा उभा राहिला. ताईला वाटलं होतं, हा गप्प बसेल, फार तर कमी उड्या मारेल. पण ज्याला वर्षानुवर्षं हसले, त्याच्या हाती एकदाचं हसायचं निमित्त आलं होतं. "बंड्याला ढगात हत्ती दिसतात," तो म्हणाला. "ही यंत्रं नसलेलं ठासून सांगतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. या ठोक्याची शेपटी, ही शेवटाला विरत जाणारी रेघ बघा, खऱ्याची अशी असेल का?" एकामागून एक मुद्दे आले, आणि सगळे हुशार. उत्तर आधी कळलं की मुद्दे काय, हवे तेवढे सुचतात. सरांचं तोंड मागं दुधानं पोळलेलं, ते आता ताकही फुंकून पीत होते. मास्तरीण म्हणाली, "पण मी सगळं तीनदा तपासलंय." सर म्हणाले, "तुमची तपासणीही बंड्याच करतो ना?" लोक हसले.

ठोका बाद झाला. वर मास्तरणीला हुकूम सुटला, बंड्याला शिकवा की असला ठोका म्हणजे कचरा. आणि बंड्यानं कचरा म्हटलं की ते तिथल्या तिथं पुसलं जायचं, कारण चिपांचं सगळं बोलणं साठवायला जगातली कपाटं पुरली नसती.

चहाच्या खोलीत मास्तरणीनं ताईला गाठलं. डोळे लाल झाले होते. "ताई, खरं सांगा, माझंच काही चुकलं का?"

ताईच्या ओठांवर आलं होतं. पण पेरणाऱ्यानं बोलायचं नाही, असा नियम आहे ना! नियम मोडून झाल्यावर तिला नियम आठवला होता. "शिकशील हळूहळू," ती म्हणाली, आणि वर पोरीच्या पाठीवरून हातही फिरवला. त्या हाताची तिला इतकी लाज वाटली की तिनं तो नंतर साबणानं धुतला.

घरी तिनं धाकट्याला धरलं. "अरे, तो पकडायचा होता! फेकायचा नव्हता!"

"मला काय माहीत? तूच म्हणालीस, काही नाही म्हणून."

"आता कळलंय ना? मग उद्या सरांना सांग, पुन्हा बघू या म्हणून."

"ताई, आज कुणी मला लिफ्टराव म्हणालं नाही," तो म्हणाला. "तू तोंड उघडलंस तर मी पुन्हा तिथं पाय ठेवू शकणार नाही. बघ बाई, तुझ्या हातात आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताई गप्प बसली. दिवस गेले, आठवडे गेले. मास्तरीण बंड्याला तो ठोका विसरायला शिकवत राहिली, आणि ताई रोज तिच्या टेबलाशेजारून मान खाली घालून जात राहिली.

उघडणीच्या दिवशी सगळे मोठ्या खोलीत जमले. मुख्य कचेरीच्या बाई पडद्यावर होत्या, यंदा कुणाला नेमलंय ते फक्त त्यांना ठाऊक होतं. सर हसत म्हणाले, "आपल्याकडं तर दाखवायला काही नाही. तरी रीत म्हणून विचारतो, कुणी पेरलं होतं का?"

ताई उठली. "मी पेरला होता," ती म्हणाली. "बंड्यानं टिपला तो."

सरांचा चेहरा पडला. मास्तरीण ताठ बसली. मग धाकटा सावकाश उठला. "चूक माझी," तो म्हणाला. "मी जरा जास्तच जपून वागलो. मास्तरीणबाई, मला माफ करा." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढ्या लोकांत चूक कबूल करायला मोठं मन लागतं." दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. धाकट्यानं ताईकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आता बस खाली.

शिव्या असत्या तर ताईनं पोटात घातल्या असत्या. पण या टाळ्या तिला सोसवेनात.

"त्याची चूक झाली नाही," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं. मीच घरी बोलले. आणि पोरगी मला विचारायला आली तेव्हा तिच्या तोंडावर खोटं बोलले."

धाकटा कुणाकडंही न बघता दाराबाहेर गेला. लिफ्टनं गेला की जिन्यानं, कुणी पाहिलं नाही. ताई मास्तरणीकडं वळली. तिच्याकडं मागायची माफी तिनं कितीतरी रात्री मनात घोळवली होती, शब्द न् शब्द पाठ होता. मुलीनं रडावं, ओरडावं, हवं तर मुस्काटात मारावी, सगळ्याला तिची तयारी होती.

मास्तरणीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. ती पुढं झाली आणि सरांना म्हणाली, "सर, तुम्ही सांगितल्यापासून बंड्या असले ठोके पुसतोय. त्या दिवसांत खरा येऊन गेला असेल तर?"

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. पुसलेलं परत येत नाही हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईची माफी मनातच राहिली. इतके दिवस ती भावाची अब्रू, पोरीचे डोळे आणि आपली लाज एवढंच कवटाळून बसली होती. ज्या खऱ्या ठोक्यासाठी तळघरात केस पांढरे केले, त्याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तो या सगळ्यांत एका त्या पोरीलाच सुचला होता. आला असेल का, नसेल का, आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. सगळे उठून गेले तरी ताई तिथंच उभी होती.