पापडखोलीतली गरम पाण्याची कॉइल

मित्रांनो, पंखा वारा देतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच वाऱ्याला ऊब देणारी मी मात्र तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीची नाही. म्हणून आज माझी ओळख मीच करून देते. मी गरम पाण्याची कॉइल. तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर ओवलेल्या अॅल्युमिनियमच्या शेकडो बारीक पात्या, एवढाच माझा देह. नळ्यांतून गरम पाणी फिरतं, पात्यांमधून वारा जातो आणि पलीकडे निघतो तो ऊबदार आणि कोरडा होऊन. फुशारकी मारत नाही, पण डोंबिवलीच्या बारा पावसाळ्यांना मी पुरून उरले आहे!

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला, सन एकोणीसशे ऐंशीचा. दामाजी नावाच्या कारागिराने माझा एकेक सांधा हाताने जोडला. मग मला हौदात बुडवून आत दाबाने हवा भरली. एकही बुडबुडा वर आला नाही. दामाजीने मला फडक्याने पुसलं आणि शेजारच्याला म्हणाला, "पोरगी दमाची आहे." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

पुढे पाच वर्षं मी सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात ओलं सूत वाळवलं. कारखाना बंद पडला आणि मी कल्याणच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडले. तिथे माझ्या पात्या वाकल्या. एक कोंबडी तर मला खुराडंच समजायची. फार वाईट वाटायचं मला, पण सांगणार कुणाला?

तिथून मला उचललं महिपतने. हा डोंबिवलीचा फिटर, एका कंपनीत बॉयलरवर कामाला होता. त्याच्या शेजारच्या विमलाबाई बायकांचं पापडमंडळ चालवायच्या. मंडळात चौदा जणी होत्या. उन्हाळाभर गच्चीवर पापड वाळायचे, पण आषाढ लागला की मंडळाच्या शेडला कुलूप लागायचं ते थेट गणपतीपर्यंत. तेवढे महिने चौदा जणींच्या हातांना काम नसायचं. शहाऐंशी साली विमलाबाईंनी ठरवलं, यंदा कुलूप लावायचं नाही. महिपतकडे त्यांनी वाळवणाची खोली करून मागितली.

महिपतचं काम बघण्यासारखं होतं. आधी त्याने बारीक फणीने माझी एकेक पाती सरळ केली, अगदी लेकीची वेणी घालावी तशी. मग पंख्यापुढच्या पत्र्याच्या बोगद्यात मला बसवलं आणि पाणसळ लावून तीनतीनदा तपासलं. बाहेर लाकडाच्या बंबात तापलेलं पाणी खालच्या तोंडाने आत, वरच्या तोंडाने बाहेर. पाणी सुरू केल्यावर माझ्या माथ्यावरचा स्क्रू त्याने हळूच सैल केला. आत अडकलेली हवा फुसफुसत बाहेर पडली, मग पाण्याची धार आली आणि त्याने स्क्रू आवळला. हवा आत राहिली असती तर माझं अर्धं अंग गारच राहिलं असतं. शेवटी समोरच्या भिंतीत त्याने वर एक झडप केली. पापडांतली ओल घेऊन वाऱ्याने तिथून बाहेर पडायचं, असं त्याने विमलाबाईंना समजावलं.

सगळ्या जणींनी मला हळदकुंकू वाहिलं. काय सांगू मित्रांनो, भंगारातून आलेली मी, त्या दिवशी नवरीसारखी मिरवले!

आणि दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. पापड वाळेनात. कडा वळल्या आणि मधला भाग मऊच राहिला. महिपतने पाण्याची चावी आणखी उघडली, मला आणखी तापवलं. पापड आणखी बिघडले. भिंतींना घाम फुटला. तीन दिवसांत तीन घाणे वाया गेले. चौथ्या दिवशी विमलाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या की आजचा घाणा शेवटचा, नाहीतर नेहमीसारखं कुलूप. महिपतने मान खाली घातली. जुना माल आणला ही आपलीच चूक झाली, उद्या ही कॉइल काढून परत देऊन येतो, असं तो म्हणाला. माझ्या नळ्यांतलं पाणी उकळत होतं, पण मी आतून गार पडले.

मंडळात सगळ्यांत वडील गोदूबाई. त्या जवळच्या दिवा गावाहून यायच्या. दिव्यात तेव्हा एकेक हंडा पाण्यासाठी पहाटेपासून रांग लावावी लागे. त्यामुळे काहीही वाया घालवायचं म्हटलं की या बाईच्या जिवावर यायचं. महिपत माझे नट सोडवायला पाना घेऊन आला, तेव्हा गोदूबाई पुढे झाल्या. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला, खालून वरपर्यंत फिरवला. सगळीकडे सारखी गरम. मग त्यांचे डोळे समोरच्या भिंतीकडे गेले आणि चेहराच उतरला.

"महिपता, थांब," त्या म्हणाल्या. "तिला नको काढू. चूक माझी आहे. ती वरची झडप मी बुजवलीय."

गोदूबाईंनी सगळं सांगितलं. एवढं लाकूड जाळून पाणी तापवायचं आणि ती ऊब भोकातून रस्त्यावर सोडायची, हे त्यांना बघवेना. म्हणून पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून त्यांनी झडपेत आपली जुनी गोधडी कोंबली होती. झडपेखाली पिठाच्या गोण्यांची उंच चळत होती, त्यामुळे खालून ती कुणाला दिसलीच नाही. सगळ्या मंडळासमोर हे बोलताना एक शब्दही त्यांनी गिळला नाही.

महिपतने गोधडी ओढून काढली. ती पिळून काढावी इतकी ओली झाली होती. कोंडलेला दमट वारा भसकन बाहेर पडला. मग त्याने थर्मामीटर लावून माझं पाणी हळूहळू कमी केलं आणि वारा नेमका हवा तेवढा ऊबदार झाल्यावर चावीवर लाल रंगाची खूण केली. बाहेर पाऊस कोसळत होता. चार तासांनी विमलाबाईंनी एक पापड उचलला, मोडला. कट्‌कन आवाज आला! सगळ्या जणी हसल्या आणि गोदूबाई पदर डोळ्यांना लावून माझ्याशेजारी खाली बसल्या.

त्या वर्षी शेडला कुलूप लागलं नाही. त्यानंतर आजवर कधीच लागलं नाही. आता अठ्ठ्याण्णव साल आहे. मध्ये एक वर्ष मला कुणी साफ केलं नाही, पात्यांत उडदाचं पीठ साचून माझा श्वास कोंडला. तेव्हा गोदूबाईंनीच सगळ्यांना फैलावर घेतलं आणि स्वतः ब्रश घेऊन बसल्या.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. यंत्र अडलं तर लगेच त्याला भंगारात धाडू नका. त्याला हात लावून बघा, त्याच्या पात्या पुसा, त्याच्या वाऱ्याची वाट मोकळी ठेवा. आणि चूक आपल्या हातची निघाली तर गोदूबाईंसारखं सगळ्यांसमोर सांगा. त्या दिवशी त्या गप्प राहिल्या असत्या, तर आज ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

त्या गोधडीचं काय झालं म्हणता? गोदूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ती फाडून तिची फडकी केली. आता त्या थकल्या आहेत, कामाला येत नाहीत. पण दर दसऱ्याला दिव्याहून येतात, आधी झडप उघडी आहे ना ते बघतात आणि मग त्यातल्या शेवटच्या उरलेल्या फडक्याने मला पुसतात.