घरातच असते

ट्यूब शेपटीकडून अंगठ्याने रेटत तोंडापर्यंत आणली तरी बाहेर आला तो मोहरीएवढा थेंब, कातडीच्या रंगाचा — म्हणजे कुणाच्या तरी कातडीच्या, जयश्रीच्या नव्हे. तेवढ्यात गालावरचे तीन चौकोन झाकायचे. तिने तो थेंब बोटावर तसाच धरून ठेवला आणि खिडकीतल्या उजेडापासून तोंड जरा वळवून आरशात बघितलं. मिळणार तरी काय होतं आपल्याला या सगळ्यात? नीट मांडलं तर एवढंच : फोनच्या पडद्यावर काही क्षण आपला चेहरा, मागे चिकूची झाडं आणि खाली अक्षरं — जयश्री, वाडीची मालकीण. जतीनला मिळणार होते शनिवार-रविवारचे मुंबईचे पाहुणे. सासूबाईंना मिळणार होता डहाणूभर सांगत फिरायला एक विषय. त्या मानाने आपली मागणी अगदीच किरकोळ, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये इतकी... आणि तरी आलीच.

अंगणात मयूरी हसत होती. जतीनची धाकटी बहीण, बोरिवलीला दिलेली, कालच आलेली. बरोबर एका सकाळीसाठी चार साड्या. गोरी. या घरात तो शब्द तिच्या नावाला आडनावासारखा चिकटलेला. व्हिडिओवाला मिथुन सरावलीहून उन्हं कोवळी असतानाच आला होता आणि तिला सांगत होता, "ताई, हनुवटी थोडी खाली. हां, आता बोला — आमच्या वाडीत तुमचं स्वागत आहे." 'आमच्या' म्हणताना मयूरी अडखळत नव्हती. कशाला अडखळेल? वाडी तिच्या बापाची. अडखळायचं ते सुनेने, जी त्या वाडीतलं प्रत्येक झाड कुठल्या महिन्यात रुसतं ते जाणते...

तर जतीनची कल्पना. गेल्या पावसाळ्यात जेवताना म्हणाला होता, "जयू, लोकांना हॉटेलवाला नको असतो, घरची बाई पाहिजे असते. मागच्या दोन खोल्या देऊ आपण पाहुण्यांना, व्हिडिओ करू, त्यात तू बोल. तू छान बोलतेस. फक्त हे —" आणि काच पुसावी तसा त्याने तिच्या तोंडासमोर हवेत हात फिरवला — "हे जरा साफ करून घेऊ." 'हे' म्हणजे नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली, गालाच्या हाडांवरचे तपकिरी ठिपके, कपाळ एका रंगाचं आणि हनुवटी दुसऱ्या. हे कुठून आलं ते त्याने विचारलं नाही, कारण त्याला माहीत होतं. सासरे गेले तेव्हापासून जतीन तारापूरच्या कारखान्यात जातो — पगार तारखेला येतो, चिकू तारखेला येत नाही — आणि सकाळपासून ऊन कलेपर्यंत वाडीत उभी असते ती जयश्री. कुठलं झाड आज उतरवायचं, कुठलं राहू द्यायचं, पेटीत तळाशी काय जातंय, टेम्पोवाला खोटं बोलतोय की नेहमीपेक्षा जास्त खोटं बोलतोय. आता वाडीची मालकीण म्हणून तिला दाखवायचं, तर तिच्या तोंडावर वाडी दिसता कामा नये. यातली गंमत तिला त्याच क्षणी कळली होती. कळूनही ती हसली होती, ताटातला भात कालवत, मनात अक्षरं जुळवत... जयश्री, वाडीची मालकीण.

कारण हे घर तिला उघडपणे असं काही म्हणणारं नव्हतं. तिच्या आईने तलासरीहून येऊन हे स्थळ पसंत केलं ते सासूबाईंच्या एका वाक्यावर : "आमच्या सुना वाडीत पाय टाकत नाहीत हो. माणसं आहेत त्याला." पुढे सासरे गेले, माणसं कमी झाली, सून वाडीत गेली, वाक्य मात्र आपल्या जागी राहिलं. हळदीकुंकवाला सासूबाई ते बायकांना ऐकवत आणि जयश्री टाचांची माती पायरीला घासत मागून पाणी घेऊन येई. माहेरी गेली की तीही तेच सांगे, "घरातच असते गं." आई तिच्या लाल गालांकडे बघून म्हणे, "पित्त वाढलंय तुझं. रात्री आवळा खा." किती सोपं होतं... सगळ्यांनी मिळून एक खोटं सांभाळायचं, आणि त्याच्या सावलीत आपापलं बसायचं. ऊन तेवढं एकीने खायचं.

क्लिनिक औषधाच्या दुकानावर, माडीवर. डॉक्टर वापीहून आठवड्यातून एकदाच येत. एरवी डाग जाळणारं लाइटचं मशीन चालवायची दक्षा, तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेली, मराठीत बोलता बोलता गुजरातीत शिरणारी. पहिल्या वेळी गार गार जेल, डोळ्यांवर पत्र्यासारखे जाड चष्मे, आणि तरीही मिटल्या पापण्यांतून आत येणारा तो पांढरा लखलखाट. प्रत्येक लखलखाटाबरोबर गालावर रबर ताणून सोडल्यासारखा चटका, जळक्या लवेचा वास. "झालं हां भाभी, थोडंच राहिलं," दक्षा म्हणत राहायची, आणि थोडं काही संपायचं नाही. पण चार दिवसांनी ठिपके कॉफीच्या पुडीसारखे काळे पडले, मग टॉवेलला लागून आले, आणि खाली एक तोंड निघालं, जे जयश्रीने लग्नाच्या अल्बममध्ये शेवटचं बघितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी घरातली दिसतेस!"

पण तो पावसाळा होता. पुढे थंडी आली, वाडीचे भराचे दिवस. ती डोक्याला फडकं बांधून पुन्हा उन्हात, कारण चिकूला कुणाच्या गालांशी देणंघेणं नसतं. संक्रांतीनंतर दुसऱ्यांदा गेले ते दोघं. दक्षाने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं.

"भाभी, मधे उन्हात फिरणं झालं काय?"

"छे," शेजारच्या खुर्चीतून जतीन म्हणाला, फोनवरून नजर न काढता. "घरातच असते ती."

दक्षाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "इथे कपाळावर रेघ आहे. वर उजळ, खाली काळं. तुम्ही सांगा, भाभी. ऊन लागलेली चामडी असली तर आज नाय मारायचा लाइट, जळून जाईल. थांबू ना महिनाभर, काय बिघडते?"

काय बिघडलं असतं... बाजूला जतीनचा अंगठा पडद्यावर फिरत होता. बाहेर बाकावर दोन बायका बसल्या होत्या, एक ओळखीची.

"रेघ स्कार्फची आहे," जयश्री म्हणाली. "स्कूटीवर बाजारात जाते ना, तेवढंच. बाकी घरातच असते."

का बोललीस? — हा प्रश्न तिने नंतर स्वतःला इतक्या वेळा विचारला की उत्तरं झिजून गुळगुळीत झाली. जतीनची लाज राहावी म्हणून. बाकावरच्या बाईने सासूबाईंच्या कानावर घालू नये म्हणून. सगळी खरी आणि सगळी वरवरची. आतलं एक होतं, जे ती फारसं हाताळत नसे : ते शब्द तोंडातून निघताना मला आवडले होते. त्या खुर्चीत, गार हवेत, मी खरोखरच पंख्याखाली मासिक चाळणारी कुणाची तरी लाडकी बायको होते; मला माती माहीत नव्हती, टेम्पोवाला माहीत नव्हता. कुणी इतक्या काळजीने आपल्या कातडीबद्दल विचारावं, आणि आपण बेफिकीरपणे हसावं... तेवढ्यासाठी.

मग लखलखाट. या वेळी रबराचा चटका नव्हता, उलथनं टेकवावं तसं. तिसऱ्याला ती ओरडली, दक्षाने हात मागे घेतला, बर्फ आणून लावला. फोड आले, बसले, आणि गालावर तीन चौकोन उरले, मध्ये फिकट, कडांना करडे. भिंतीवरच्या तसबिरी काढून नेल्यावर मागे राहतात तसे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा वार होता; जतीन भांडायला गेला. ती खाली गाडीत ओला रुमाल गालाला धरून बसली होती. वरून आवाज येत होता, शब्द नव्हते. उतरला तो सामना जिंकून आल्यासारखा. "सगळे पैसे परत. वर पुढची ट्रीटमेंट फुकट करून देतो म्हणाला डॉक्टर." आणखी काय काय झालं ते तिने विचारलं नाही. विचारलं नाही की उत्तराचं ओझं येत नाही, हे या घरात ती शिकली होती.

आणि मग ती खरोखरच घरात बसली. पडदे ओढून. वाडी बघायला लागली जानी, कामावरच्या बायकांतली सगळ्यांत जुनी, आणि खिडकीखाली येऊन ओरडायची, "शेठाणी, आता झालीस गं खरी शेठाणी! बोल, खालच्या बांधावरचे चिकू उतरवू का नको?" आत बसून जयश्री आपला कडवटपणा नीट जपत होती, कसर लागू नये म्हणून कपाटातल्या साडीच्या घड्या मोडाव्यात तसा रोज उलगडून पुन्हा ठेवत होती. जतीनने केलं. सासूबाईंनी केलं. चेहरा गेला तो माझा. हे घर मला देणं लागतं. त्या विचारात एक प्रकारचं सुखही होतं, हे नाकबूल करून कसं चालेल?

"अगं जयू!" जतीन दारात. "जरा बाहेर ये ना. फक्त हात पाहिजेत."

"काय पाहिजे?"

"हात. मयूरीला चिकू तोडता येत नाहीये."

अंगणापलीकडच्या झाडाखाली मयूरी पदराला लागलेला चीक नखाने खरवडत होती. फळ पिरगाळायचं सोडून तिने ओढलं होतं. "असा उपटलास तर झाड रडेल ना, ताय," जानी तोंडावर हात ठेवून हसत होती. मिथुन बिचारा ओशाळला. "वहिनी, चेहरा नाही घेत हां, काळजी नको. हातांचाच जवळून शॉट. मग ताईंच्या तोंडाला जोडतो. कळणार पण नाही कुणाला."

"हे घाल वहिनी," मयूरीने स्वतःच्या बांगड्या काढून तिच्या हातात सरकवल्या. "नाहीतर वेगळे दिसतील हात."

बांगड्या मनगटावर घट्ट बसल्या. जानी म्हणाली, "हात शेठाणीचे, तोंड ताईचा. चांगला झाला! आता माझे पाय पण घ्या कुठं तरी," आणि सगळे हसले. जयश्रीही हसली. फांदी खाली आलेली होती. तिने फळ तळव्यात घेतलं, अंगठ्याने वरची तपकिरी भुकटी पुसली, आतला रंग बघितला... हातांना हे कुणी सांगावं लागत नव्हतं.

"वा! असंच धरा. हलू नका, वहिनी." मिथुन गुडघ्यावर बसून जवळ सरकला, आणि कॅमेऱ्यात बघत सहज म्हणाला, "हे तोंडाचं... त्या मेडिकलवरच्या क्लिनिकमध्ये ना?"

"तेच," उत्तर जतीनने दिलं. "पण मी सोडलं नाही. डॉक्टरला म्हटलं, ही पोरगी उद्यापासून इथे दिसली तर गावभर बोर्ड लावीन. दुसऱ्या दिवशी काढली तिला."

"बरं केलंस, दादा," मयूरी म्हणाली. "मशीन हातात घेतात आणि माणसाला चार गोष्टी विचारायच्या पण नाहीत?"

"काही विचारलं नाही तिने! मी तिथेच बसलो होतो."

मिथुन फोकस फिरवत होता. "दक्षा ना? आमच्याच आळीतली. चिंचणीला आत्याकडे गेली ती, मासळी वाळवायला. दुसरं कुणी ठेवेना. सगळीकडे तेच, तोंड जाळणारी म्हणून. मशीनचं काम शिकायला आईचं डोरलं मोडलं होतं तिने... हलू नका, वहिनी."

"जयूला विचार ना," जतीन मयूरीला म्हणत होता. "काय गं? विचारलं होतं का तिने काही?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. जानीनेसुद्धा — आणि जानीला तर माहीत होतं, थंडीभर कोण उन्हात उभं होतं. किती दिवस ती वाट बघत होती की कुणी तरी एकदा, चारचौघांत, सरळ विचारावं. म्हणजे सांगता येईल. सगळं सांगता येईल : वाडी कोण चालवतं, रेघ कशाची, घरात कोण असतं. आणि आता विचारलं होतं, उजेडात, कॅमेऱ्यासमोर; शब्दही जिभेवर आले होते, आणि ती नवलाने त्यांच्याकडे बघत राहिली, कारण ते तेच जुने शब्द होते, तितकेच तयार, तितकेच गुळगुळीत.

तिने हातातलं फळ पिरगाळून अलगद खुडलं.

"बघ," जतीन मयूरीला म्हणाला.

"मस्त आलं," मिथुन म्हणाला. "एकदा अजून घेऊ."

तिने दुसरं फळ धरलं. आत जपून ठेवलेला तो कडवटपणा चाचपला — तो तिथेच होता, पण आता आपला वाटेना, दुसऱ्याच्या घरून मागून आणलेल्या भांड्यासारखा वाटू लागला. जतीनला त्याचा व्हिडिओ मिळाला, पैसे परत मिळाले. सासूबाईंचं वाक्य शाबूत राहिलं. मयूरीला वाडी मिळाली, एका सकाळीपुरती का होईना. यांतल्या कुणीच त्याचं मोल भरलं नव्हतं. मी भरलं, असं मी धरून चालले होते... मी भरलं ते गालापुरतं. दिवाळीपर्यंत रंग सारखा होईल, डॉक्टर म्हणाले आहेत. उरलेलं सगळं, नोकरी, नाव, आईचं डोरलं, हे त्या एकीने भरलं, जिने आमच्यात एकटीने दोनदा विचारलं होतं. आणि तिथे खोटं बोलून, इथे न बोलून, दोनदा तिच्या नावाची पावती फाडून दिली ती मीच.