काचेपलीकडचा कौल

आळेफाट्याच्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या काचेला गर्दी नाक लावून उभी होती. आत रामदास निपचित पडला होता. उतारावर ट्रॅक्टर उलटून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. श्वासाच्या मशीनची नळी घशात असल्यामुळे त्याच्या तोंडून शब्द निघणं शक्य नव्हतं. तरी तो बोलतो, असं गावचे देवऋषी भागू महाराज सांगत होते, आणि गर्दी तेच पाहायला आली होती.

महाराज भेटीच्या वेळेत रुग्णाचे मामा म्हणून आत शिरत आणि बाहेर ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवत. रामदासची बायको वैजयंती हिनेच त्यांना बोलावलं होतं. त्या नळ्या बघून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बोलत्याला कुणीबी बोलवतं. आमी मुक्याला बोलवतो," चादरीखालून छातीला अंगारा लावत महाराज म्हणाले. "ह्यांचं मशीन लाईट गेली की बंद. आमच्या देवाला वायर लागत न्हाई. सांग लेकरा, करणी कुणी केली? लंकाबाईनं?"

रामदास शांत होता.

"मंगलनं?"

तरी शांत.

"धोंडाबाईनं?"

रामदासच्या कपाळाला आठ्या पडल्या. डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या गेल्या, मशीन किंचाळू लागलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. वैजयंतीने हात जोडले.

"कौल दिला," काचेपलीकडे कुणीतरी पुटपुटलं, आणि ते नाव गर्दीत तोंडोतोंडी फिरलं. त्या कुजबुजीचीच वैजयंतीला भीती वाटली.

धोंडाबाई म्हणजे रामदासची चुलती. गावाच्या टोकाला नातीला घेऊन राहायची. मागे नातीच्या तापाला महाराजांचा अंगारा परत पाठवून तिने सरळ दवाखाना गाठला होता. काचेतून वैजयंतीला दिसलं, तिचा दीर बाळासाहेब वळला. त्याच्यामागून चार-पाच जण जिन्याकडे निघाले.

तेवढ्यात डॉक्टर आरफा आत आल्या. जवळच्या जुन्नरच्याच त्या. भेटीची वेळ संपली की या रुग्णाला वेदनेचं औषध वाढवून द्यावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"महाराज, मलाही दाखवा," त्या म्हणाल्या.

लोक बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी पुन्हा धोंडाबाईचं नाव घेतलं. चेहरा पिळवटू लागताच डॉक्टरांनी चादर बाजूला ओढली. महाराजांचा अंगठा मोडक्या बरगडीत रुतलेला होता.

"हात काढा."

"अंगारा चोळताना लागला आसंल," महाराज म्हणाले.

रामदासचा चेहरा थोडा निवळू दिल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही विचारा. कुणी हात लावायचा नाही."

वैजयंती त्याच्या कानाशी वाकली. "आवो, धोंडाकाकूनं केलं का?"

रामदासने अर्धवट डोळे उघडले. कपाळ तसंच सैल राहिलं. तिने पुन्हा विचारलं. मशीन संथ चालत होतं.

"सकाळी यांची कूस बदलताना चेहरा असाच झाला होता," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. ज्याला बोलता येत नाही, त्याचं दुखणं आम्ही असंच ओळखतो. कपाळ बघतो, मिटलेले डोळे, आवळलेल्या मुठी बघतो, श्वास मशीनशी झगडतोय का ते बघतो. ताई, हा कौल नव्हता. ते ओरडत होते."

नवऱ्याच्या प्रत्येक ओरडण्याला आपण हात जोडले, हे समजताच वैजयंतीने त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी पुसलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि नर्सला पोलिसांना फोन लावायला सांगितलं. वैजयंती मात्र बाळासाहेबाला गाठायला जिना उतरून धावत सुटली.

खाली जीप सुरू झाली होती. मागच्या सीटखाली काठ्या होत्या. वैजयंती आडवी उभी राहिली.

"वैनी, बाजूला व्हा," बाळासाहेब म्हणाला. "दादानं सोता नाव घेतलंय."

"त्यांनी न्हाई घेतलं. नाव भागूनं घेतलं, अन् मोडक्या बरगडीत अंगठा खुपसला. मी डोळ्यानं बघितलं. वर चला, तुमीबी बघा."

बाळासाहेबाने चावी फिरवून जीप बंद केली. खाली उतरून तो जिन्याकडे वळला. मागचा एक जण मात्र मान हलवत राहिला. त्याला अजूनही खरं वाटत नव्हतं.

त्या दिवशी एका म्हातारीचा जीव वाचला तो कुणाच्या कृपेने नव्हे, एक चादर वेळेत बाजूला ओढली गेली म्हणून. मुक्या माणसाच्या तोंडी कुणी शब्द घालू लागला, तर हात जोडण्याआधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा. आणि खाटेवरच्या माणसाच्या कपाळाला आठ्या दिसल्या, तर देवऋषी शोधू नका. त्याला दुखत असतं. डॉक्टरांना हाक मारा.