मी आवरलेलं घर

स्टूल आडवं पडलं, वहिनींच्या हातातली बादली कलंडली आणि पाणी खोलीभर पसरलं. मला वाटलं, आता त्या चिडणार. पण आपल्याच घराच्या दारात एक हात पुढे करून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इथे काय आहे?"

"स्टूल," मी म्हणाले. "खिडकीपाशी होतं ना, ते इकडे घेतलं. जरा घर आवरलं."

त्यांनी वाकून स्टूल चाचपलं. मग काल जिथे टेबल होतं तिथे हात नेला आणि तो हवेतच राहिला. तेव्हा कुठे मला उमगलं, की वहिनींना दिसत नाही.

दोन दिवस मी त्या घरात राहत होते. आमच्या इमारतीच्या जिन्याला तडे गेले आणि टेकू लावेपर्यंत चार दिवस घरं रिकामी करा, असा हुकूम आला. भाचीकडे नेमके त्याच दिवसांत पाहुणे निघाले. मी बॅग घेऊन फाटकाशी उभी, तेव्हा आमचा पाण्याचा पंप दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणाले, आमच्याकडे चला, जागा लहान आहे पण तुमची सोय होईल. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई पंपवाल्याकडे राहायला चालली, याची मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू?

घर म्हणजे एक खोली आणि कोपऱ्यात ओटा. एकुलती एक खाट मला देऊन नवराबायको खाली झोपले. मिस्त्रींची बायको, म्हणजे वहिनी, घरी बसून वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणायच्या. गप्पा मारताना माझ्याकडे तोंड करून बोलायच्या आणि बोटं खाली भराभर चालत राहायची. संध्याकाळी मिस्त्री येईपर्यंत त्या दिवा लावत नसत. मी म्हटलं, काटकसर असेल. मिस्त्री घरात शिरले की त्यांचं तोंड थांबायचं नाही. चप्पल काढली, पाणी भरून ठेवलं, कात्री खिळ्याला लावली. काय बडबड्या माणूस आहे, असं मी मनात म्हणायची. एवढ्यावरूनही माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी नळावर गेल्या. या लोकांसाठी आपण काहीतरी करावं असं वाटलं, त्यात माझी जुनी खोड. ऑफिसात माझ्या टेबलाकडे बोट दाखवून बाकीच्यांना बोलणी बसायची, एवढा माझा नीटनेटकेपणा. अर्ध्या तासात टेबल भिंतीला गेलं, वेताच्या जुड्या खाटेखाली, कात्री-चाकू एका खोक्यात आणि ओट्यावरचे डबे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

"किती वाजले, ताई?" वहिनींनी विचारलं.

"पावणेअकरा."

अकराला फर्निचरचा दुकानदार खुर्च्या न्यायला येणार होता. मग वहिनींनी भराभर सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी वहिनींची नजर पूर्ण गेली, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्याआधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाल्याचं त्याच्या कानावर गेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने म्हाताऱ्याचं काम बंद केलं. वहिनींचं विणकाम आता पूर्वीपेक्षा घट्ट होत होतं, पण कळल्यावर त्याला प्रत्येक खुर्चीत खोट दिसली असती. म्हणून कोणाला सांगायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलेलं. त्या कोणामध्ये मीही आलेच.

मी सगळं पूर्ववत लावायला धावले, तर आठवेचना. जुड्या टेबलाच्या कुठल्या बाजूला होत्या? मिठाचा डबा पुढे होता की मागे? दोन दिवस राहूनही मी ते घर पाहिलंच नव्हतं.

"लावू नका, ताई," त्या म्हणाल्या. "आता आहे तसं सांगा. दारापासून, उजव्या हाताने."

मी सांगत गेले आणि त्या एकेका वस्तूला हात लावत, ओठ हलवत चालत गेल्या. स्टूल, दोन पावलांवर टेबल, मग ओटा. प्रत्येक डब्यात काय आहे तेही विचारलं. सगळी खोली एकदाच फिरल्या. मग फरशी पुसली, केस नीट केले, तोवर दुकानदार दारात.

त्याला त्यांनी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, सहाही खुर्च्या समोर मांडल्या. एका बैठकीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही गाठ सैल वाटते."

वहिनी हलल्या नाहीत.

"मागची डावी का हो?" मी घाईघाईने विचारलं.

तो हो म्हणाला. वहिनींनी खाटेखालच्या जुडीतून बारीक वेत ओढला, खोक्यातली कात्री घेतली आणि त्याच्या देखत नवी गाठ घातली. डोळे शाबूत असून त्याला काही दिसलं नाही. पुढच्या महिन्याच्या खुर्च्या सांगून तो गेला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मला रडूच आलं. इतकं मोठं माणूस मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांची खाट मात्र दोन रात्री हक्काने वापरत होते, आणि साधे आभार मानायचंही सुचलं नव्हतं.

मी माफी मागितली. संध्याकाळी मिस्त्रींच्या मदतीने सगळं होतं तसं करून देईन म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "चार वर्षांत आमच्या घराला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. तुम्ही मनापासून लावलंय. राहू दे असंच."

संध्याकाळी मिस्त्री आले. चप्पल काढली, हात धुतले, असं सांगत सांगत त्यांनी पान्यांची पिशवी न बघताच टेबलाच्या जुन्या जागी ठेवली आणि ती धाडकन जमिनीवर आदळली. म्हणजे डोळे असून हा माणूसही या घरात न बघता वावरत होता. त्यांनी चमकून खोलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मी मान खाली घातली.

वहिनी हसत उठल्या. "अहो, घर बदललंय आपलं. या, दाखवते."

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. वहिनींनी तो धरून आधी स्टुलावर ठेवला, मग टेबलावर, मग डब्यांवर, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून मी खाटेवर पाय वर घेऊन बसले.