विसावं मिनिट

राउटरवरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. तरी सत्यशीलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या — नजर काढली तर हातचं काहीतरी निसटेल, असं वाटून. मांडीवर वही. राउटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, आणि त्यांनी घातलेलं नवं, अशी दोन पानं; प्रत्येकावर चार उपकरणं, दर पाच मिनिटांनी मोजलेला वेग. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनी तपासताना लागलेली सवय... एका मोजणीवर शेरा मारायचा नाही.

शेरा मारला होता मुलाने, सौरभने. गेल्या बुधवारी त्याची ऑनलाइन मुलाखत मध्येच तुटली. नोकरी जाऊन चार महिने झालेले, बाहेर त्याचे सासरे तात्याराव चहा घेत बसलेले, आणि त्यांच्यादेखत हा म्हणाला, "राउटरशी खेळ केलाय हिने. आई, तुझं एक्स्चेंज केव्हाच बंद पडलं. आता माझं तरी चालू राहू दे." तात्याराव हसले. मोठ्याने नाही, बशीकडे बघत. ते हसू त्या अजून ऐकत होत्या — भाजी निवडताना, धायरी फाट्यावर रस्ता ओलांडताना... खेळ म्हणे.

त्याच दिवशी सौरभने मूळ फर्मवेअर परत घातलं. रविवारी तो बायकोला घेऊन हडपसरला सासरी गेला, लॅपटॉप घरी राहिला. दोन्ही फर्मवेअर आलटूनपालटून घालून त्यांनी दिवसभर मोजलं. फोन, टॅबलेट, त्यांचा जुना लॅपटॉप — सगळे नव्वदच्या आसपास; नव्या फर्मवेअरवर थोडे वरच. सौरभचा लॅपटॉप पंधरा मिनिटं अठ्ठ्याऐंशीवर, मग तापायचा, त्याचं वाय-फाय ढेपाळायचं, आणि विसाव्या मिनिटाला तीन. मूळवर तीन, नव्यावरही तीन. लाइन ठीक, बिघाड घरातल्या यंत्रात असला की खात्यात मारायचा तो शेरा त्यांनी खाली लिहिला, 'दोष ग्राहकाकडे', आणि संध्याकाळी राउटर होता तसा करून ठेवला. वही कोणाला दाखवली नाही. दाखवायची होती ती आज, दुसरी मुलाखत तुटल्यावर, तात्यारावांच्या समोर.

इस्त्रीचा शर्ट घालून सौरभ बाहेर आला. "आज हात नाही ना लावलास?"

"नाही," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं.

तीनला त्याच्या खोलीचं दार लागलं. कपाटात लांब वायर होती. ती लॅपटॉपला जोडली असती तर वाय-फायची गरजच उरली नसती. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. समोर, आजही येऊन बसलेले तात्याराव पेपरची घडी उलगडत होते... दोन वाक्यं त्यांनी गिळली.

दहा मिनिटं झाली. दारामागून सौरभचा आवाज येत होता, मोकळा, चार महिन्यांत न ऐकलेला. मग तो चक्क हसला. बारा. चौदा. सोळा. तुटू दे, कोणीतरी पुटपुटलं, तुटू दे — आणि हे आपलेच ओठ, हे त्यांना जरा उशिराच उमगलं. लाइन टिकावी म्हणून एकतीस वर्षं... तुटावी, असं एकदाही नाही, कोणाचीच नाही. अठरा. वायर घेऊन उठायला हवं होतं. पाय जमिनीला टेकलेले होते, उठत नव्हते. मनातला आवाज तेच तेच म्हणत होता, तुटू दे, आणि आता तो ऐकणारं त्यांच्याच आत आणखी कोणीतरी होतं, भेदरलेलं.