हेडबाईंची सकाळची मीटिंग

टीममधली माणसं आपल्या मॅनेजर बाईंना पाठीमागे ‘हेडबाई’ म्हणत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहूनच त्या मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या आणि त्यांची रीत ठरलेली होती. आधी सगळं कागदावर आणा, ग्राहकाची सही घ्या, मग मान खाली घालून कामाला लागा.

अशात एका शाळेचं काम आलं. मुलांची बस कुठे आहे ते पालकांना मोबाइलवर कळायला हवं होतं आणि नवं सत्र सुरू होण्याआधी ते सगळ्या बसना लागू व्हायला हवं होतं. साहेबांनी फर्मान काढलं, की या वेळी काम अ‍ॅजाइल पद्धतीने करायचं. त्यासाठी एक प्रशिक्षक आला. त्याने एकेका कामाची एकेक अशा भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि समजावलं, “थोडं थोडं बनवा, लगेच वापरायला द्या, लोक काय म्हणतात ते ऐका. आणि रोज सकाळी उभ्याउभ्याच एकमेकांना सांगा, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.”

हेडबाईंनी ते मनापासून सुरू केलं. पण सकाळची ती मीटिंग म्हणजे शाळेतली हजेरीच झाली. जो तो त्यांच्याकडे बघून “चालू आहे” म्हणे आणि सुटे. मौनीबाबा नावाने ओळखला जाणारा प्रोग्रामर तर आठवडाभर तेवढंच म्हणत होता.

प्रशिक्षकाने त्यांना बाजूला घेतलं. “मॅडम, कुणाचंच काही अडत नाही, असं वाटतं तुम्हाला?”

“अडलं तर सांगतील की!”

“तुम्ही कधी सांगितलंत?”

हेडबाईंना ते चांगलंच झोंबलं. पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी बोलल्या. “नकाशावर बस दाखवायचं काम मी अंगावर घेतलंय. बस उभी असली तरी नकाशावर ती बेडकासारख्या उड्या मारते. माझं डोकं चालेनासं झालंय. मला मदत हवी आहे.”

मग मौनीबाबाने घसा खाकरला. “मॅडम, माझंही तिथेच अडलंय. गेला आठवडाभर.”

‘मग तोंड शिवलं होतं का?’ हे हेडबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. “चल, दोघं बसून बघू.”

तेवढ्यात टेस्टर बोलला. प्रत्येक गोष्टीत खोट काढतो म्हणून त्याचं नाव शंकासुर पडलं होतं. “पण नकाशा हवाच कशाला? पोराला घेऊन खाली कधी उतरायचं, एवढं कळलं की आईबापांचं भागतं.”

हेडबाईंनी नकाशाची चिठ्ठी भिंतीवरून उपटून काढली. आधी एकाच मार्गावरच्या बसचं काम करायचं ठरलं, आणि त्या बससाठी एकच मेसेज: ‘बस निघाली.’

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “असं अर्धवट काम शाळेला दाखवायचं?”

“अर्धवट नाही, साहेब, लहान,” हेडबाई ठामपणे म्हणाल्या. “लहान मूल म्हणजे काही अर्धवट माणूस नसतं.”

साहेबांना हसू आलं आणि त्यांनी मान डोलावली.

मेसेज सुरू झाले. हेडबाईंच्या नणंदेची मुलगी नेमकी त्याच बसने जायची. नणंदेचा फोन आला. “अगं वहिनी, तुझी बस निघते आणि आम्ही मायलेकी रस्त्यावर ताटकळतो! निघाल्याचं काय सांगतेस? जवळ आली की सांग ना!”

एरवी हेडबाईंनी ग्राहकाच्या सहीचा कागद पुढे केला असता. या वेळी त्यांनी नणंदेचे शब्द जसेच्या तसे टीमला ऐकवले. सगळे खो-खो हसले आणि मग कामाला लागले. मौनीबाबा म्हणाला, “बस आधीच्या थांब्यावर पोचली की मेसेज पाठवू.”

शंकासुराने लगेच भुवई उंचावली. “त्या थांब्यावरचं मूल त्या दिवशी आलंच नाही आणि बस न थांबता पुढे गेली तर?”

“बरं झालं विचारलंस!” हेडबाई म्हणाल्या. मग बस थांबो न थांबो, तो थांबा ओलांडला की मेसेज जाईल, अशी सोय मौनीबाबाने करून दिली. दोन दिवसांनी नणंदेचा पुन्हा फोन आला. “आता कसं! आम्ही खाली उतरलो आणि बस हजर.”

पुढे शाळेने मध्येच सांगितलं, की परतीच्या फेरीचेही मेसेज हवेत, तेही आधी. हेडबाईंनी वाद घातला नाही. “देतो. मग पालकांना बसचालकाचा फोटो दाखवायचं ठरलंय, ते काम मागे जाईल. चालेल?” शाळेला चाललं.

नवं सत्र सुरू झालं तेव्हा सगळ्या बसचे मेसेज जाता-येता वेळेवर जात होते. नकाशा झालाच नव्हता आणि कुणी विचारलाही नाही. साहेबांनी हेडबाईंना केबिनमध्ये बोलावलं. “आता शेजारच्या टीमलाही हे शिकवा.”

“शिकवते की,” हेडबाई म्हणाल्या. “पण आधी त्यांच्या मॅनेजरना एकट्यांनाच माझ्याकडे पाठवा. खरं शिकायचंय ते त्यांनाच.”